लाँग रन दर वेळी सव्विसाव्या किलोमीटरलाच मोडतो, त्याचं काय करायचं?

मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याचा सराव, म्हणजे लाँग रन करणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. एकवीस किलोमीटरपर्यंत सगळं ठीक. अर्धमॅरेथॉन दोन-तीनदा झालेली असते, त्यामुळे तिथवर शरीराला सवय आहे. चोवीस-पंचवीसच्या सुमारास पेस, म्हणजे धावण्याचा वेग, आपोआप घसरायला लागतो, सव्वीस-सत्तावीसला पाय उचलेनासे होतात आणि उरलेलं अंतर चालत, स्वतःवर चरफडत संपतं. पुढच्या आठवड्यात जास्त जिद्दीने जावं तर पुन्हा तिथेच. शर्यत सहा आठवड्यांवर आलेली असते आणि डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो: सव्विसला ही गत, तर बेचाळीस कसे होणार?

पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीत माझे सलग तीन लाँग रन असेच मोडले. २६, २७, पुन्हा २६. तिसऱ्या वेळी अजून चार किलोमीटर जायचं होतं आणि पेस किलोमीटरला आठ मिनिटांवर आला होता. किती वेळ लागेल याचा हिशेब करायला गेले, तर आठ चोक किती ते आठवेना. आठ चोक… आठ चोक… करत एका खांबाला धरून उभी राहिले. शाळेत झोपेतही म्हणता येणारा पाढा! त्या दिवशी पायांना दोष देणं थांबवलं. पाय थकले म्हणून कोणी पाढे विसरत नाही.

सल्ले तोवर ढीगभर मिळाले होते. बूट बदल, मीठ खा, मन घट्ट कर, अजून अंतर वाढव. यातला शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक, कारण जे बिघडलंय तेच आणखी लांबवर करत राहायचं असा त्याचा अर्थ होतो.

आधी मोडतंय काय, ते ओळखा

पुढे पाऊल टाकवेनासं झालं, जणू भिंतच आडवी आली, की धावणारे सरसकट ‘वॉल लागली’ म्हणतात, पण त्या एका नावाखाली निदान चार वेगळे बिघाड असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

साखर संपली असेल तर पायांइतकंच डोकंही बिघडतं. चिडचिड, रडू येणं, थंडी वाजल्यासारखं होणं, साधा हिशेब न जमणं. बदल बऱ्यापैकी अचानक येतो; दोन किलोमीटरपूर्वी तुम्ही ठीक असता.

मांड्या संपल्या असतील तर डोकं लख्ख असतं, दमही लागलेला नसतो, फक्त प्रत्येक पाऊल टाकताना मांडीच्या पुढच्या भागात ठणका बसतो. उतारावर तो वाढतो. घरी आल्यावर जिना चढता येतो, उतरता येत नाही.

उष्णतेचा बिघाड घड्याळात दिसतो. पेस तोच, पण हार्ट रेट दर पाच किलोमीटरला चार-सहा ठोक्यांनी वर सरकत राहतो. चेहरा तापतो, तोंड कोरडं पडतं, सावलीत किंवा अंगावर पाणी ओतल्यावर बरं वाटतं.

चौथा प्रकार पोटाचा. पोटात पाणी डचमळतंय, मळमळतंय, पुढचा घोट घ्यायची इच्छा नाही. यात खाणं-पिणं बंद होतं आणि मग वीस-तीस मिनिटांत पहिला प्रकारही येऊन मिळतो.

एकाच जागी दुखत असेल, म्हणजे गुडघ्याची बाहेरची बाजू, नडगीवरचा एकच बिंदू, टाचेचा तळ, तर ती वॉल नव्हे, दुखापत आहे. तिच्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जा. हा लेख तिथे कामाचा नाही.

पहिल्या दोघांतला फरक कळत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. पुढच्या लाँग रनला एक जास्तीचं जेल (धावताना खायचा घट्ट गोड पाक, छोट्या पाकिटातला) खिशात ठेवा. मोडायला लागलं की ते पाण्याबरोबर घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं चाला. त्यानंतर जग पुन्हा रंगीत दिसायला लागलं, तर साखर संपली होती. डोकं तरतरीत झालं पण मांड्या तशाच ओरडताहेत, तर मांड्या. मात्र जेल तोंडात गेल्या-गेल्या जी हुशारी येते ती मोजू नका. गोड तोंडाला लागलं की मेंदू आधीच खूश होतो; २००४ मध्ये सायकलस्वारांवर झालेल्या एका प्रयोगात कर्बोदकाच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकल्यावरही त्यांची वेळ सुधारली होती. खरा निकाल दहा मिनिटांनंतरचा.

साखर संपते म्हणजे काय

सपाटीवर धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी जवळपास २,७५० कॅलरी. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर मिळून दीड ते दोन हजार कॅलरींची असते, तीही साठा पूर्ण भरलेला असेल तर. त्यात आणखी एक अडचण म्हणजे स्नायूतलं ग्लायकोजेन त्या-त्या स्नायूलाच वापरता येतं. दंडात भरपूर शिल्लक असलं तरी ते मांडीला उसनं मिळत नाही. रक्तात साखर सोडण्याचं काम मुख्यतः यकृताचं, आणि यकृताचा साठा जेमतेम ८० ते १०० ग्रॅम. रात्रभरच्या उपाशी झोपेत त्यातलाही बराच खर्च झालेला असतो.

चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही मुबलक असते. पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. वेग जितका जास्त, तितका साखरेचा वाटा मोठा. वेग कमी केला की चरबीचा वाटा वाढतो. माझा प्रश्न सुटला तो या एका वाक्यामुळे.

हे काही नवं ज्ञान नाही. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गलितगात्र होऊन पोहोचलेल्यांची साखर खूप खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी पिष्टमय जेवण आणि वाटेत गोड गोळ्या, एवढ्यावर त्यांची अवस्था पुष्कळ सुधारली. शंभर वर्षं होऊन गेली, तरी आपण सकाळी उपाशीपोटी निघून सव्विसाव्या किलोमीटरला नशिबाला बोल लावतोच!

माझ्या नोंदीत काय निघालं

मोडलेल्या तिन्ही रनचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या वेळा, कागदावर लिहून काढले. घड्याळाच्या ॲपमध्ये सरासरी बघून काहीच कळत नाही, पाच-पाच किलोमीटरचे तुकडे पाडावे लागतात. तिसऱ्या रनचा पहिला तुकडा ६:१० च्या पेसने. पुढचे तीन ६:२० च्या आसपास. वीस ते पंचवीस ७:१५. त्यानंतर चालणं. हार्ट रेट तिसऱ्या किलोमीटरला १५१, विसाव्याला १७२.

आता हे ६:१० आलं कुठून? माझी अर्धमॅरेथॉन २ तास १० मिनिटांची होती. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं एक प्रसिद्ध सूत्र आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. त्या हिशेबाने मॅरेथॉन ४ तास ३१ मिनिटं. मी गोल करून साडेचार धरले, म्हणजे ६:२४ चा पेस. आणि मग लाँग रन त्या पेसने, किंबहुना सुरुवातीला त्याहूनही जोरात, धावत होते. म्हणजे दर रविवारी मी सराव करत नव्हते, शर्यतच पळत होते, आणि तीही न खाता-पिता.

रीगलचं सूत्र खोटं नाही. पण दोन्ही अंतरांची तयारी सारखीच झालेली आहे असं ते गृहीत धरतं. आठवड्याला चाळीसच्या आत धावणाऱ्या नवख्याला ते हमखास आशावादी आकडा देतं. पहिल्या मॅरेथॉनसाठी त्या आकड्यात वीस मिनिटं तरी मिळवा, असं माझं मत.

लाँग रनचा पेस अपेक्षित शर्यतीच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे तीस ते साठ सेकंद हळू असावा. घड्याळ नको असेल तर बोलून बघा. एक पूर्ण वाक्य मध्ये न धापता बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’, ‘चल’ एवढंच जमत असेल तर वेग जास्त आहे. मी ७:०० वर आले. पहिल्या दिवशी लाज वाटली, खरं सांगते. नेहमी माझ्या मागे असणारे दोघेजण पुढे निघून गेले. पण त्या दिवशी २४ झाले आणि चोवीसावा किलोमीटर ६:५५ चा होता. बाकी काहीही बदललं नव्हतं.

पेस उतरवूनही जमत नसेल तर ठरावीक अंतराने चालण्याची पद्धत वापरा. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ती लोकप्रिय केली. यात चालणं पहिल्या किलोमीटरपासूनच असतं, दमल्यावर नव्हे. उदाहरणार्थ चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. मोडल्यानंतरचं चालणं आणि हे चालणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आठवड्याचा हिशेब

दुसरी चूक कागदावर लगेच दिसली. मंगळवारी ६, गुरुवारी ६, रविवारी २६. एकूण ३८, आणि त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त एकाच दिवशी! आठवडाभर अभ्यास न करता रविवारी परीक्षा. लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्याच्या आत राहिला, तर शरीर तो पचवतं. मी लाँग रन तीन आठवडे चोवीसवर थांबवला आणि मधले दिवस वाढवले: ८, ६, शुक्रवारी हळूहळू १२ वर. शुक्रवारचा हा मधला रन कंटाळवाणा आहे, त्याचे फोटो कोणी काढत नाही, पण थकलेल्या पायांनी रविवारी निघायची सवय त्यानेच लावली.

लाँग रनमध्ये ३० ते ३२ किलोमीटरच्या वर पहिल्या मॅरेथॉनसाठी जाण्याची गरज नसते. हळू धावणाऱ्याने तर अंतरापेक्षा वेळ बघावी. साडेतीन तासांनंतर फायदा थोडा आणि झीज जास्त.

खाणं: भूक लागायची वाट बघू नका

सकाळी उठून थेट निघायची माझी सवय होती. हलकं वाटतं म्हणून. आता दोन तास आधी उठते आणि पचायला सोपं, पिष्टमय असं काहीतरी खाते. सर्वसाधारण मार्गदर्शन असं आहे की धावण्याच्या एक ते चार तास आधी, वजनाच्या दर किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं. वेळ जितका कमी, तितकं प्रमाण कमी.

वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम. एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. पाकिटावर बघून घ्या, कंपनीगणिक फरक पडतो. माझं पहिलं जेल पस्तिसाव्या मिनिटाला, मग दर अर्ध्या तासाला एक. पस्तिसाव्या मिनिटाला गरज वाटत नाही, आणि म्हणूनच लोक ते पुढे ढकलतात. गरज वाटेपर्यंत थांबलात तर पोटातून रक्तात जायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही खांब धरलेला असतो.

जेल साध्या पाण्याबरोबरच घ्या. जेल आणि वरून स्पोर्ट्स ड्रिंक असं केलं की पोटात पाक तयार होतो आणि मळमळ सुरू होते. पोटाचा बिघाड ज्यांना होतो त्यांच्यापैकी कित्येकांचं कारण एवढंच असतं. दुसरं कारण सवय नसणं. आतड्यालाही सराव लागतो. सुरुवातीला तासाला एकच जेल, दोन-तीन आठवड्यांनी दोन. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या मार्गांनी शोषले जातात, त्यामुळे दोन्ही असलेलं जेल मुरलेल्या पोटाला तासाला ६० ग्रॅमच्याही वर जाऊ देतं. पहिल्या मॅरेथॉनला इतक्या वर जायची घाई नको.

उपाशीपोटी लाँग रन करून ‘शरीराला चरबी वापरायला शिकवायचं’ ही कल्पना अधूनमधून कानावर येते. अनुभवी धावपटू ते मोजूनमापून करतात. तुमचा लाँग रन आधीच मोडत असेल तर हा प्रयोग पुढच्या वर्षासाठी ठेवा.

पाणी: कमीही नको, जास्तही नको

धावण्याआधी आणि नंतर, कपडे काढून, अंग पुसून वजन करा. माझं एकदाचं गणित: आधी ५८.०, नंतर ५६.६, वाटेत पाऊण लिटर पाणी प्यायले, अडीच तास धावले. म्हणजे १.४ अधिक ०.७५, साधारण २.१५ लिटर घाम. तासाला साधारण ८६० मिलिलिटर. सगळं भरून काढायचं नसतं. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट बहुतेकांना चालते. माझी घट २.४ टक्के होती, तेव्हा तासाला दीडशे-दोनशे मिलिलिटर वाढवले, बस्स.

धावून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर मात्र सावध व्हा. अतिपाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम शर्यत संपताना कमी भरलं होतं, आणि धावताना वजन वाढणं हे त्यातलं मोठं लक्षण होतं. चार-साडेचार तासांहून जास्त वेळ लागणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून पेलाभर पिण्याइतकी सवड त्यांनाच असते. डोकेदुखी, उलटी, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं असताना आणखी पाणी पाजू नका. वैद्यकीय मदत बोलवा.

धावण्याआधी किंवा धावताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका. मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखणं झाकलं की निदानही झाकलं जातं.

उष्णतेशी जमवून घ्यायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर पेस विसरून हार्ट रेटवर धावा. गरम हवेत साखरही लवकर जळते, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारची सांगड बऱ्याचदा असते.

मांड्यांचं काय

हा बिघाड जेलने जात नाही. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि तीस हजारांहून जास्त पावलं हे चाललं की त्याचे सूक्ष्म धागे फाटतात. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (उठाबशा), लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) आणि पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम; आठ-दहा आठवडे तरी द्या. शर्यतीच्या मार्गावर उतार असतील तर सरावातही हलके उतार घ्या. आदल्या दिवशी जिममध्ये पाय झिजवून रविवारी लाँग रनला येणारे मी पाहिलेत, त्यांना वेगळं निदान लागत नाही.

एवढं करूनही मोडत असेल तर

माझ्या मैत्रिणीची तक्रार हुबेहूब माझ्यासारखी होती. तिने पेस उतरवला, जेल घेतले, अंतर नीट वाटलं. काही फरक नाही. उलट मोडायचा किलोमीटर सव्विसावरून अठरावर आला. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन काठावर आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, अगदी तळाला. पाळी येणाऱ्या धावपटू बायकांमध्ये हे अजिबात दुर्मिळ नाही. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नका. शरीरात लोह जास्त होणंही वाईटच. वजन उतरवायचं म्हणून कमी जेवून मॅरेथॉनची तयारी करणारेही याच दारात येऊन उभे राहतात. पाळी लांबणं, सकाळचा हार्ट रेट चढा राहणं, झोप बिघडणं, वारंवार सर्दी-ताप अशा खुणा असतील तर आधी जेवण वाढवा.

छातीत दुखणं, भोवळ, लघवी गडद तपकिरी होणं यांपैकी काहीही झालं तर निवारण वगैरे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

बदल एका वेळी एकच करा. एका रविवारी पेस, जेल, बूट आणि नाश्ता सगळंच बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. मला पेसला दोन रविवार लागले, जेलला तीन.

शर्यतीच्या दिवशी

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर. अंतर निम्म्यावर आणायचं, धावण्याचे दिवस तेवढेच ठेवायचे. शेवटचा दीड-दोन दिवस पिष्टमय खाणं वाढवायचं. वजन किलो-दीड किलोने वाढेल. घाबरू नका, ग्लायकोजेनचा एक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठवतो.

टेपरमध्ये पाय इतके ताजे होतात की पहिले पाच किलोमीटर कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. सरावात दुरुस्त केलेली चूक इथे परत येते. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६०:४८ चा होता आणि दुसरा ५९:४७ चा. त्याचा वेग आपल्या स्वप्नातलाही नव्हे, पण पहिला अर्धा भाग राखून पळण्याची त्याची पद्धत आपल्यालाही जमते. मी पहिले पाच किलोमीटर ७:०५ वर दाबून धरले. माझे दोन भाग झाले २ तास २६ आणि २ तास २८. एकूण ४:५४. साडेचार नाही. सव्विसावा किलोमीटर कधी गेला ते कळलंही नाही, कारण त्या वेळी मी जेलचं पाकीट दाताने फाडत होते.

सदतिसाव्याला डाव्या पोटरीत गोळा आला. मिठाची गोळी घेऊन उपयोग झाला नाही. थांबून, टाच जमिनीवर टेकवून पाऊण मिनिट पोटरी ताणल्यावर सुटला, आणि चाळिसाव्याला पुन्हा आला. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू आहे, गुडघा सरळ ठेवून पंधरा आणि वाकवून पंधरा, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत आणि माझा नेमका कुठला कुरकुरतोय ते कळायला अजून दोन-तीन लाँग रन लागतील.